एक सुई टोचा, डॉक्टरसाहेब

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शुश्रूषेविषयी मागे या सदरात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी एक पत्र अद्याप माझ्या टेबलावरच आहे. पत्र आमच्या लासलगावचे. लिहिणारे गृहस्थ ८१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. अक्षर अजूनही फळ्यावरच्यासारखे वळणदार. पत्नी गेली, मुले पुण्याला, आणि स्वतःला कंपवाताचा आजार. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आहेत. परदेशांत काही ठिकाणी डॉक्टर असाध्य रुग्णाला जीवन संपविण्याचे औषध कायद्याने लिहून देतात, ते आपल्याकडे का नाही? आणि उद्या तसा कायदा झालाच, तर ‘आपण माझ्यासाठी ते लिहून द्याल काय?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडते. दुसऱ्याचे उत्तर मला स्वतःला द्यावयाचे आहे, आणि त्यासाठी हे दिवस लागले.

प्रथम कायद्याचे सांगतो, कारण याविषयी घरोघरी फार घोटाळा आहे. आपल्या देशात डॉक्टरने रुग्णाला प्राणघातक औषध देणे किंवा लिहून देणे गुन्हा आहे. रुग्णाने हात जोडून मागितले तरी गुन्हाच. आत्महत्येस साहाय्य करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली येते आणि त्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डॉक्टरने स्वतः सुई टोचली तर तो सदोष मनुष्यवध ठरू शकतो. वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेनेही दयामरण घडविणे हे व्यवसायाला न शोभणारे वर्तन ठरविले आहे. मात्र ज्या उपचाराने रोग बरा होणार नाही, केवळ मरण लांबेल, तो उपचार न घेण्याचा किंवा चालू असल्यास थांबविण्याचा हक्क रुग्णाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ९ मार्च २०१८ रोजी तो मान्य केला. एकात डॉक्टर मृत्यू आणतो. दुसऱ्यात डॉक्टर मृत्यूच्या वाटेतून बाजूला होतो. हा भेद काही विद्वानांना शब्दच्छल वाटतो. ज्याने दोन्ही प्रसंगी खाटेशेजारी उभे राहून पाहिले आहे, त्याला तो तसा वाटत नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीचा वैशाख. उन्हाळ कांद्याची आवक ऐन भरात होती, बाजार समितीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि माझी मोटारसायकल त्या रांगेतून वाट काढीत एका वृद्ध हमालाच्या घरी पोहोचली. उभी हयात कांद्याच्या गोण्या वाहिलेला माणूस. तंबाखूने गालाचा कर्करोग झालेला, नाशिकला शेक देऊन झाले होते, आणि आता पुढे काही करता येणार नाही असे सांगून तेथील डॉक्टरांनी त्याला घरी पाठविले होते. मी नाडी पाहिली, जखमेवरची पट्टी बदलली, आणि उठणार तोच त्याने माझे मनगट धरले.

‘‘डाक्टरसाहेब, एक सुई टोचा अन् मोकळं करा.’’

मी म्हणालो, ‘‘बाबा, असं नाही करता येत. गुन्हा आहे तो. मला तुरुंगात धाडाल.’’ हसत म्हणालो, याची आज लाज वाटते. त्याने मनगट सोडले. मी वेदनाशामक गोळी वाढवून निघून आलो आणि आपण कायद्याने वागलो या समाधानात जेवलो.

दुसऱ्या दिवशी त्याची सून दवाखान्यात आली. पदराशी चाळा करीत बराच वेळ बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, ‘‘दुखतं म्हणून नाही म्हणत ते. मला त्यांचं धोतर बदलावं लागतं ना, म्हणून म्हणतात. मी गेले की भिंतीकडं तोंड करून रडतात.’’

मी त्याच्या जखमेची लांबी-रुंदी लिहून ठेवली होती. हे मात्र मी विचारलेच नव्हते.

पुढे जे केले ते काही मोठे नव्हते. त्याच्या पुतण्याला सकाळ-संध्याकाळ येण्यास सांगितले आणि अंग पुसणे, कपडे बदलणे ही कामे त्याच्याकडे गेली. लघवीसाठी नळी घातली. नाशिकहून मॉर्फिनच्या गोळ्या आणविल्या. जखमेची दुर्गंधी कमी करणारी भुकटी पट्टीखाली घालू लागलो, कारण नातवंडे जवळ येईनाशी झाली होती आणि ते त्याला कळत होते. सारे काही सुरळीत झाले असे मात्र समजू नका. एका रात्री मॉर्फिनची मात्रा चुकली, पहाटे त्याने पुन्हा तेच मागितले आणि त्या वेळी ते वेदनेपोटीच होते. तो आणखी पाच-सहा आठवडे जगला. पहिल्या पावसानंतर, घरीच गेला.

ही गोष्ट सांगितली ती ‘नीट सेवा केली की कोणी मरण मागत नाही’ असे सिद्ध करण्यासाठी नव्हे. तसे म्हणणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्याशी मी सहमत नाही. उत्तम सेवा मिळूनही शांतपणे, विचारपूर्वक मरण मागणारी माणसे असतात. मुंबईत ठाकूरद्वारला राहणाऱ्या एका वृद्ध दाम्पत्याने २०१७ च्या अखेरीस थेट राष्ट्रपतींना पत्र लिहून डॉक्टरांच्या साहाय्याने मरण्याची अनुज्ञा मागितली होती. दोघांनाही असाध्य रोग नव्हता, मूलबाळ नव्हते, आणि गलितगात्र होऊन पडण्याची वाट पाहणे त्यांना नको होते. ती मागणी वेडगळ म्हणून बाजूला सारावी अशी नव्हती. माझे म्हणणे एवढेच की मागणीच्या तोंडावर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी तिच्या पोटात काय आहे ते विचारावे लागते, आणि मी ते विचारले नव्हते.

अमेरिकेतील ऑरेगन राज्याचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तेथे १९९७ पासून हा कायदा अमलात आहे. सहा महिन्यांहून अधिक जगण्याची आशा नसलेल्या, शुद्धीत असलेल्या रुग्णाला, दोन डॉक्टरांच्या खात्रीनंतर, औषध लिहून दिले जाते आणि ते रुग्णाने स्वतःच्या हाताने घ्यावयाचे असते. तेथील सरकार दरवर्षी अहवाल काढते. औषध मागण्याची कारणे पाहिली तर शारीरिक वेदना किंवा तिची भीती हे सर्वांत वरचे कारण नाही. वरची कारणे म्हणजे स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा सुटणे, आवडीच्या गोष्टी करता न येणे, आपली प्रतिष्ठा गेल्याची भावना. लासलगावच्या हमालाच्या धोतराची गोष्ट आणि ऑरेगनची कारणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही. आणखी एक नोंद विचार करण्याजोगी आहे. औषध लिहून घेतलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोक ते अखेरपर्यंत घेतच नाहीत. दार उघडे आहे एवढे कळले की काहींना पुरे होत असावे.

आता डॉक्टरांच्या बाजूकडे वळू. गुरुजींचा दुसरा प्रश्न तिकडचाच आहे.

जेथे जेथे असा कायदा आहे, तेथे तो डॉक्टरला सक्ती करीत नाही. ऑरेगनमध्ये कोणत्याही डॉक्टरवर यात सहभागी होण्याचे बंधन नाही. नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायदा आहे आणि तेथे बहुतेक वेळा कुटुंबाचा नेहमीचा डॉक्टरच हे काम करतो. परंतु तोही नकार देऊ शकतो. कॅनडात २०१६ साली कायदा झाला आणि लगेच पुढचा वाद उभा राहिला: ज्याचे मन तयार नाही त्या डॉक्टरने निदान रुग्णाला दुसऱ्याकडे पाठवावे की नाही? काही डॉक्टर म्हणाले, पाठविणे हाही सहभागच. ओंटारिओच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये निर्णय दिला की नकार देता येईल, पण रुग्णाला वाऱ्यावर सोडता येणार नाही. त्याला योग्य ठिकाणी पोहोचविण्याची व्यवस्था करावी लागेल. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. मात्र तो मोठ्या शहरांच्या हिशेबाने न्याय्य आहे. निफाड तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर, जेथे एकच डॉक्टर आठवड्यातून तीनदा जातो, तेथे ‘दुसऱ्याकडे’ म्हणजे कोणाकडे? आणि त्या एका डॉक्टरने होकार दिला, तर त्यानंतर त्याच्या हातची साधी तापाची सुई घेताना म्हाताऱ्यांच्या मनात काय येईल? सातबारावर नाव लागण्याची घाई असलेला मुलगा त्याच्याच ओट्यावर येऊन बसेल, तेव्हा काय होईल? हे प्रश्न माझ्या कल्पनेतले नाहीत. ‘आता किती दिवस काढतील?’ हा प्रश्न कोणी काळजीने विचारतो आणि कोणी हिशेबाने, हे आवाजावरून कळण्याइतकी वर्षे मी या गावात काढली आहेत.

आपल्याकडे या विषयाचा सर्वांत मोठा कस लागला तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात. अरुणा शानबाग ही तेथील तरुण परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला आणि मेंदूला रक्त न मिळाल्याने ती कायमची हरवली. तिचे दयामरण मागणारी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचे तीन डॉक्टर तपासणीसाठी नेमले आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. याचिका फेटाळली गेली, पण कडक अटींवर उपचार थांबविण्याचा मार्ग त्याच निकालाने देशात प्रथम उघडला.

वृत्तपत्रांनी तेव्हा कायद्याचीच चर्चा केली. माझे लक्ष मात्र दुसऱ्या एका गोष्टीकडे होते. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने याचिकाकर्त्या लेखिकेऐवजी के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. ३७ वर्षे तिला भरविणाऱ्या, पुसणाऱ्या, कुशीवर वळविणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या. तिला कधी शय्याव्रण होऊ दिले नाही याचा त्यांना रास्त अभिमान होता. या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी सांगितले, आम्हांला हे नको. ज्या हातांनी तिचे अन्न बंद करावयाचे होते, त्या हातांनीच नकार दिला. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली.

या प्रसंगाकडे मी बरीच वर्षे केवळ कौतुकाने पाहत होतो. वयानुसार एक शंकाही मनात येऊ लागली आहे. सेवा करणाऱ्याचे मन मोठेच असते. पण खाटेवर पडलेली व्यक्ती त्याच्या मनाची मालमत्ता नसते. अरुणाला स्वतःला काय हवे होते ते कोणालाच विचारता आले नाही. घरात आईवडिलांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या लेकी-सुनांना हे बोचेल, याची मला कल्पना आहे. तरीही लिहितो, कारण मी अशा घरांत व्हेंटिलेटरवर ठेवण्याचा हट्ट प्रेमापोटी होताना पाहिला आहे, आणि ज्यांच्यासाठी तो हट्ट होता त्यांनी शुद्धीत असताना मला अगदी उलट सांगितलेले होते.

आपल्या परंपरेतही देह ठेवण्याचा विचार नवा नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६ मध्ये अन्न, पाणी, औषध सोडले. पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये तेच केले. कोणी त्याचे अनुकरण करावे असे मी सुचवीत नाही. त्यांची तयारी, त्यांचा काळ वेगळा. पण दोघांनीही वैद्याचा हात मागितला नाही, वैद्याला फक्त थांबावयास सांगितले.

तर गुरुजी, आपल्या प्रश्नाचे उत्तर. उद्या कायदा झाला तरी मी ते औषध लिहून देणार नाही. याला धर्माचे कारण नाही, आणि आपली मागणी चुकीची आहे असेही मी म्हणत नाही. माझा हात त्यासाठी घडलेला नाही, आणि या गावात मी एकदा ते केले तर माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या मनात एक बारीकशी शंका कायमची राहील, असे मला वाटते. दुसरा एखादा डॉक्टर विचारांती होकार देईल, त्याला मी खुनी म्हणणार नाही. परंतु माझ्या नकाराला काही किंमत यावयाची असेल, तर मी पुढच्या गोष्टी नाकारता कामा नयेत.

वेदना शमविणे मी नाकारता कामा नये. मॉर्फिनविषयी आपल्या घरांत, आणि खेदाने सांगतो, आमच्या व्यवसायातही, अकारण धास्ती आहे. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवीत दिलेले मॉर्फिन मरण जवळ आणत नाही आणि कर्करोगाच्या रुग्णाला व्यसनी करीत नाही. त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत सारक औषध मागून घ्यावे. ते मिळण्यातील कायद्याच्या अडचणी २०१४ च्या दुरुस्तीने पुष्कळ कमी झाल्या. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे असाध्य रुग्णाच्या दुःखशामक शुश्रूषेचे, धोरण आखले आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात घरोघरी जाऊन अशी सेवा देण्याचा प्रकल्पही चालला. पुण्याला वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना ही सेवा विनामूल्य देते. आपल्या डॉक्टरांना ‘पॅलिएटिव्ह केअर कोठे मिळेल?’ असे नेमक्या शब्दांत विचारा. ‘आता काही इलाज आहे का?’ असे विचारले की उत्तर बहुधा ‘नाही’ असे येते.

मनातले विचारणेही मी नाकारता कामा नये. मरणाची इच्छा कधी विचारातून येते, कधी न ओळखलेल्या नैराश्यातून. वृद्धाची भूक मंदावणे, पहाटे तीनला जाग येणे, नातवंडांतही मन न रमणे, ‘तुमच्यावर भार झालो’ हे वारंवार म्हणणे, ही वार्धक्याची लक्षणे समजून सोडून देऊ नका. कंपवातात तर नैराश्य आजाराचाच भाग असू शकते, आणि औषधाने ते पुष्कळ हलके होते. गुरुजी, हे आपल्यालाही उद्देशून आहे. कोणा वाचकाच्या मनात जीव संपविण्याचे विचार आज या घडीला घोळत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून घरातील माणसाला किंवा डॉक्टरांना सांगावे, अथवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तो विनामूल्य असून रात्रीही चालू असतो.

आणि आपण लिहून ठेवलेली इच्छा पाळणे मी नाकारता कामा नये. २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, मान्यता दिली; पण त्याची रीत इतकी किचकट होती की ते कागदावरच राहिले. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या कोणालाही ते करता येते. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाण्याची आवश्यकता उरली नाही. आपण बोलू शकलो नाही तर निर्णय कोणी सांगावा, त्या एका किंवा अधिक विश्वासू व्यक्तींची नावे त्यात घालावी. प्रत घरच्यांना, नेहमीच्या डॉक्टरांना, आणि महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यावी. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे इच्छापत्र केले, तेव्हा ते सांभाळणारा अधिकारीच नव्हता. त्यांना त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. गोव्यात मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपले इच्छापत्र नोंदवून पायंडा पाडला. ग्रामपंचायतीत प्रत देताना तारीख-शिक्क्याची पोच मात्र आवर्जून घ्या.

प्रत्यक्ष वेळ येते तेव्हाही एकट्या डॉक्टरच्या लहरीवर काही सोपविलेले नाही. रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि त्यानंतर दुसरे तीन डॉक्टरांचे मंडळ, ज्यात एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचविलेला असतो, या दोहोंचे मत जुळावे लागते. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे न्यायालयाने म्हटले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये याविषयी मार्गदर्शक मसुदा काढला, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने हरकत घेतली की यामुळे डॉक्टरांवर कायद्याचा बोजा आणि ताण वाढेल. ताण वाढेल हे खरे आहे. पण ज्याचे श्वासयंत्र काढावयाचे की नाही हे ठरत नाही म्हणून मुलगा अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आठवी रात्र काढतो, त्याच्या ताणापुढे आम्ही आपला ताण किती मोठा मानावा? हरकत घेणाऱ्यांत माझे मित्र आहेत, आणि त्यांना मी हे तोंडावर सांगितले आहे.

गुरुजी, आपल्या पत्रात आणखी एक ओळ होती, समासात, पेन्सिलीने लिहिलेली. ‘पडलो तर मुलांना नोकरी सोडून यावे लागेल.’ मुख्य पत्रापेक्षा ती ओळ मी अधिक वेळा वाचली. तिच्याविषयी मी या पानावर लिहिणार नाही. मंगळवारी दुपारी दवाखाना आटोपला की आपल्याकडे येतो. पुण्याला दूरध्वनी करून मुलांशी त्या वेळी बोलता येईल असे बघा. इच्छापत्राचा कच्चा मजकूर मी सोबत आणतो. चष्मा आणि लाल शाईचे पेन जवळ ठेवा, माझ्या शुद्धलेखनात आपल्याला दुरुस्त्या सापडतीलच.